खारं पाणी

माझ्या नवऱ्याला लोकांची टर उडवायचा पगार मिळतो. तो बातम्यांच्या एका वेबसाइटवर काम करतो आणि दर आठवड्याला एका रिअ‍ॅलिटी शोवर लिहितो. शो असा, की एक आलिशान यॉट, तिच्यावर मजा करायला येणारे श्रीमंत पाहुणे, आणि त्यांची उष्टी उचलणारी, चादरी बदलणारी, दोर ओढणारी तरुण मुलंमुली. कॅमेरे या मुलांच्या मागे. कोण कुणाशी भांडलं, कोण कुणाच्या प्रेमात पडलं, कुणाच्या हातून काय फुटलं. नवरा त्यावर जे लिहायचा ते वाचून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर फिसकन हसलेय. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरचा माणूस एक डोळा झाकून अक्षरं वाचत असताना हसणं बरं दिसत नाही.

तो लिहायचा, ‘कप्तान प्रत्येक भागात दुर्बिणीतून लांबवर बघतो. बोट धक्क्याला बांधलेली असते, तरी बघतो.’ किंवा, ‘आचारी रोज राजीनामा देतो आणि रोज पाच पदार्थ वाढतो. आमच्या ऑफिसात नेमकं उलट आहे.’ पाहुण्यांची सरबराई बघणारी मुख्य बाई ग्लास उजेडात धरून बघायची, त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘बाई ग्लास बघत नाहीत, मुलासाठी स्थळ बघतात.’

यातले निम्मे विनोद धाकटीचे. धाकटी म्हणजे माझी नणंद. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती तेव्हा एका हॉटेलात खोल्या लावायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायची. सोफ्याच्या हातावर पाय टाकून ती शो बघायची आणि तोंडाचा पट्टा चालू. ‘एवढा मोठा समुद्र पडलाय, आणि यांना भांडायला तेवढा एक जिनाच सापडतो.’ नवरा शेजारी बसून मोबाइलवर टिपून घ्यायचा. लेखावर नाव त्याचं. तिला त्याचं काही नव्हतं. दादाचं नाव झालं म्हणजे आपलंच झालं, असं ती म्हणायची आणि तसं मानायचीसुद्धा.

पुढे हॉटेलातल्या अनुभवावर तिला एका यॉटवर नोकरी लागली, आणि काही काळानं तीच यॉट शोसाठी निवडली गेली. धाकटी टीव्हीवर येणार म्हणून आमच्या घरात आनंदीआनंद झाला. सासऱ्यांनी तर खालच्या मजल्यावरच्यांनाही सांगून ठेवलं.

त्यांना ते बघायला मिळालं नाही. शूटिंग चालू असतानाच ते सकाळी बाथरूममध्ये पडले. डोक्याला मार लागला. नवऱ्यानं हॉस्पिटलमधून धाकटीला फोन करून कळवलं, पण बोट भर समुद्रात होती. ती किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग ती आलीच नाही. हंगाम संपला की येते म्हणाली आणि हंगाम संपल्यावर दुसऱ्या बोटीवर गेली. सासूबाई भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, पोरगी कामात अडकलीय.  नवरा बोलत नाही, लिहितो.

काही महिन्यांनी शो सुरू झाला. पहिल्या भागांत धाकटी मागे कुठेतरी ट्रे घेऊन जाताना दिसायची. नवरा लेखात तिला टाळायचा. ती आपली बहीण आहे हे त्यानं ऑफिसात सांगितलंच नव्हतं. पण सोफ्याचा तो कोपरा रिकामा होता आणि ते लेखात दिसत होतं. विनोद यायचे, हसू यायचं नाही. संपादकबाईंनी त्याला सांगितलं की वाचक गळतायत, सध्याचं लिखाण फिकं वाटतं, या हंगामात टर उडवण्याजोगं कुणीच नाही का?

आणि मग तो भाग आला. धाकटी एका पाहुण्याच्या शर्टाला इस्त्री करता करता चटका लावते, मुख्य बाई येऊन शर्ट उचलते, भुवया चढवते. पुढच्याच दृश्यात धाकटी लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगात बसून हमसून हमसून रडतेय. चांगलं लांबवलं होतं ते. मागे मशीनची घरघर आणि वर करुण संगीत. शो परक्या भाषेतला आणि खालची अक्षरं भरभर पळतात, म्हणून सासूबाईंनी विचारलं, ती का रडतेय?

"शर्ट जाळला म्हणून बोलणी बसली," नवरा म्हणाला.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

सासूबाई उठून आत गेल्या. नवऱ्यानं रिमोट घेतला आणि तेच दृश्य पुन्हा लावलं. मला वाटलं, बहिणीसाठी जीव तुटला असेल.

त्या आठवड्याचा लेख मी दुकानात वाचला. ‘समुद्राची पातळी का वाढतेय, यावर शास्त्रज्ञ डोकं खाजवतायत. कुणीतरी या बाईंना आधी किनाऱ्यावर आणून सोडा.’ पुढे होतं, ‘डाग शर्टाला पडला, धुऊन निघाली लॉन्ड्री.’ शेवटी त्यानं तिला नाव ठेवलं होतं, खारं पाणी. मजकूर चटपटीत होता, खोटं कशाला सांगू. मी हसले नाही एवढंच. लोक मात्र तुटून पडले. हे नाव इतकं चाललं की पुढच्या भागापासून धाकटी नुसती पडद्यावर आली तरी लोक कॉमेंटमध्ये छत्र्यांची चित्रं टाकायचे.

घरी मी त्याला विचारलं, सख्ख्या बहिणीवर असं लिहवतं कसं? तो म्हणाला, वाचकांना कुठे माहीत आहे, आणि शोमधली बाई वेगळी, आपली धाकटी वेगळी. मी म्हटलं, आईंना दोघी वेगळ्या दिसतात का ते विचार एकदा. त्यानं विषय बदलला.

शो संपता संपता धाकटी घरी आली. रापलेली, बोटांची कातडी सोललेली. लिफ्टमध्ये एका मुलीनं ‘तुम्ही खारं पाणी ना?’ म्हणून विचारल्याचं तिनं हसत हसत सांगितलं. हे नाव कुणी पाडलं ते तिला ठाऊक होतं.  तरी दादाशी नीट वागत होती, पाहुणे वागतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बैठकीत धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. हॉटेलातल्या सवयीनं कडा अगदी जुळवून. नवरा चहा पीत होता. सासूबाईंनी थोडा वेळ तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एका शर्टासाठी एवढी रडलीस. बाबांसाठी मात्र तुला यायला झालं नाही."

धाकटीला आधी कळलंच नाही. "कुठला शर्ट?"

"टीव्हीवरचा. जाळलास तो."

तिनं टॉवेल मांडीवर ठेवला आणि दादाकडे बघितलं. "तू सांगितलं नाहीस आईला?"

"काय सांगायचं?"

"तो तुझा फोन होता, दादा."

मग तिनं आईला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या पाहुण्याला खोलीतली बटणं दाखवावीत तसं. शर्टाला चटका बसला तो नंतर कधीतरी, आणि त्यावर कुणी तिला बोललंसुद्धा नव्हतं. मुख्य बाई हसून सोडून देणाऱ्यांतली होती. रडली ती बाबा पडले त्या दिवशी. फोन आला तेव्हा ती लॉन्ड्रीत पळाली, तिथे तरी कॅमेरा नसेल म्हणून. होता. शोवाल्यांनी ते रडणं उचलून शर्टामागे चिकटवलं.

"तू फोनवर विचारलंस, ही घरघर कसली," ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हटलं, ड्रायर चालू आहे. ती घरघर तशीच ठेवलीय त्यांनी. तू ओळखली असशील."

नवरा चहाच्या कपाशी चाळा करत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"ओळखली," तो म्हणाला.

"आणि मग लिहिलंस."

"तू यायला हवं होतंस. मी एकट्यानं सगळं केलं."

"हवं होतं," धाकटी म्हणाली. "मला धीर झाला नाही. ते खरंच आहे. ते लिहायचं होतंस."

सासूबाईंनी मला तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मी माझ्या मोबाइलवर आवाज बंद करून लावून दिला. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला. धाकटी रडत होती आणि तिच्या मांडीवर चादरीच्या घोळात तिचा फोन पडलेला होता, स्क्रीनवर उजेड असलेला. आम्ही सगळ्यांनी तो भाग बघितला होता, पण तो फोन कुणालाच दिसला नव्हता. दुसऱ्यांचे डोळे तपासते मी. सासूबाईंनी त्या फोनवर बोट ठेवलं, मग मोबाइल मला परत दिला आणि धाकटीच्या शेजारी बसून उरलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या. त्यांच्या कडा जुळत नव्हत्या. धाकटीनं त्या नीट केल्या नाहीत.

जायच्या आधी नवरा तिला म्हणाला की तो खुलासा लिहील, सगळं खरं खरं. ती म्हणाली, नको. शोबद्दल घरून काही बाहेर गेलं तर तिला पुढे कुणी बोटीवर घेणार नव्हतं, तसं तिनं सही करून दिलं होतं. आणि ते नसतं तरीही नको. आता माझ्यावर काही लिहू नकोस, एवढं कर.

ती गेली आणि त्यानं लिहिलं. लेखात बाबा होते, बाथरूम होतं, ड्रायरची घरघर होती, आणि एक भाऊ होता ज्याला आपल्या हसण्याची लाज वाटली. संपादकबाईंनी वर सासऱ्यांचा फोटो टाकला. खारं पाणी जेवढं वाचलं गेलं नव्हतं तेवढं हे वाचलं गेलं. लोकांनी डोळे पुसले, असा भाऊ सगळ्यांना मिळो म्हणाले. एका रेडिओवाल्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. तिथे तो रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

शोवाल्यांनी तक्रार केली आणि धाकटीचं बोटीवरचं काम गेलं. नवरा म्हणाला, मी तिच्या बाजूनंच लिहिलं होतं. मी म्हटलं, तिला तुझी बाजू नको होती, तुझं गप्प बसणं हवं होतं. त्यानं मान हलवली. त्याला पटलं असावं. लेख काही त्यानं काढला नाही.

धाकटी आता परत एका हॉटेलात आहे, चादरी मोजून देण्याघेण्याच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन येतो. मी उचलला तर माझ्याशी भरपूर बोलते, नव्या मॅनेजरची नक्कल करते, मी पोट धरून हसते. नवऱ्यानं उचलला तर फक्त म्हणते, आईला दे. तो फोन देतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. सध्या तो एका स्वयंपाकाच्या स्पर्धेवर लिहितो. लोकांना आवडतं.