उजव्या हाती

बजरंगच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी बानूबाई शेंगाचटणीचा डबा घेऊन यायच्या आणि हिंमतराव गुरुजींच्या ओसरीवर टेकून दरवर्षी तेच एक मागणं मागायच्या. यंदाही त्या आल्या, टेकल्या, गुडघे धरलेत म्हणाल्या, उडदावर कीड पडलीय म्हणाल्या, आणि डबा ठेवून चालायला लागल्या. गुरुजी नकार ओठांवर तयार ठेवून बसले होते. तो तसाच राहून गेला.

मागणं तसं साधं होतं. बजरंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा. भूम तालुक्यातल्या या गावातून तो पलटणीत गेला आणि पंचवीस वर्षांमागच्या लढाईत बर्फाच्या एका कड्यावर हरवला. देह आला नाही. आली ती एक काळी ट्रंक आणि टाइप केलेलं पत्र. पहिल्या वर्षश्राद्धाला गुरुजींनी त्याच्यावर कविता केली. ती अशी काही जमून गेली, की शाळेतल्या पोरांनी पाठ केली, गावाने स्मारकाच्या काळ्या फरशीवर कोरून घेतली, आणि गुरुजींच्या कपाटात शालींची चळत लागली. तिचं ध्रुवपद असं होतं:

उजव्या हाती बंदूक त्याच्या, डाव्या हाती माती,
बजरंगाच्या तेजापुढती थिजल्या काळ्या राती.

आता बजरंग होता डावखुरा. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्याच्या बापाने, बब्रुवानने, भूमच्या बाजारातल्या लोहाराकडून त्याच्यासाठी मुद्दाम उलट्या दात्यांचा विळा करून घेतला होता, आणि त्या विळ्याने घरात दुसऱ्या कुणालाही धड कापता यायचं नाही.

"माझं लेकरू डावरं हुतं, गुरुजी," बानूबाई म्हणायच्या. "अंग न्हाय आलं त्येचं. एवढी वळख तरी ऱ्हाऊ द्या की."

"कवितेला तिचा कायदा असतो, बानूबाई," गुरुजी म्हणायचे. "मात्रा मोडतात."

मात्रा मोडत नव्हत्या. 'उजव्या'च्या जागी 'डाव्या' आणि 'डाव्या'च्या जागी 'उजव्या' घातलं असतं, तर चालीला धक्काही लागला नसता, आणि हे गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वीराच्या डाव्या हातात शस्त्र त्यांना बरं दिसत नव्हतं, एवढीच गोष्ट. शिवाय हाच बजरंग चौथीत त्यांच्या वर्गात होता. त्याने उजव्या हाताने लिहावं म्हणून गुरुजींनी वर्षभर पट्टी झिजवली होती. 'हात पुढे कर' म्हटलं की पोरगं अवाक्षर न काढता डावा हात पुढे करायचं. तळहातावर कालचे वळ असायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिल पुन्हा त्याच हातात. पट्टीने जे साधलं नाही ते गुरुजींनी शाईने साधून घेतलं होतं. त्याची त्यांना शरम वाटायची, आणि शरम वाटते म्हणूनच ते दरवर्षी अधिक जोरात नाही म्हणायचे.

यंदा कुणी विचारलंच नाही, तेव्हा मात्र ती शरम त्यांच्या अंगावर आली. सकाळी उठून त्यांनी वही उघडली आणि दोन शब्दांची अदलाबदल केली. चोवीस वर्षं टाळलेलं काम अर्ध्या मिनिटात झालं. कार्यक्रमाआधी ती ओळ बानूबाईंच्या हातात द्यायची, असं ठरवून ते निघाले. फार दिवसांनी त्यांना स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

वाटेत गोरोबाची पिठाची गिरणी. गोरोबा आणि बजरंग एका बाकावरचे. लिहिताना बजरंगचं कोपर लागतं म्हणून हाच गोरोबा रोज तक्रार घेऊन यायचा. गुरुजींनी त्याला कौतुकाने नवी ओळ वाचून दाखवली.

"डावरा?" गोरोबाने पिठाचे हात झटकले. "न्हाय वो गुरुजी. म्या त्येच्या शेजारीच बसायचो की. उजव्या हातानंच लिहायचा."

"अरे, कोपर लागायचं ना तुला?"

"कधीच न्हाय."

गिरणीत पिठाची धूळ बसून बसून याची बुद्धीही पांढरी झाली, असं म्हणत गुरुजी पुढे गेले.

बानूबाईंच्या भिंतीवर हार घातलेला जुना फोटो होता. सुट्टीवर आलेला बजरंग भूमच्या स्टँडवर चहा पितोय. हा फोटो गुरुजींनी शंभरदा पाहिला होता; कप डाव्या हातात, म्हणूनच बानूबाई तो काढून दाखवायच्या. आज कप उजव्या हातात होता. फोटो उलटा छापला असेल म्हणून गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. मागच्या एसटीवरची 'भूम' ही पाटी सरळ वाचता येत होती.

तरीही त्यांनी बानूबाईंपुढे कागद धरला आणि ओळ वाचून दाखवली.

बानूबाईंनी फोटोवरचा हार सारखा केला.

"कुणाच्या लेकराचं सांगायलाव, गुरुजी?"

"तुमच्या. तुम्हीच तर दरवर्षी म्हणत होता, डावरा होता म्हणून."

"म्या कशाला म्हनू तसं?"

"विळा काढा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "त्याचा विळा आहे ना ट्रंकेत?"

बानूबाईंनी विळा आणला. गुरुजींनी तो डाव्या हातात धरला, दारातल्या कडब्याची मूठ उजव्यात घेतली आणि ओढला. दाते नुसते घसरले. मग त्यांनी हात बदलला, आणि ताटं कचकन कापली गेली.

"फाडून टाका त्यो कागद," बानूबाई हळूच म्हणाल्या. "तुमची कविता पोरं म्हनत्यात तवा त्यो दिसतो मला. बंदूक घिऊन उभा. दुसरं काय ऱ्हायलंय माझ्यापाशी?"

गुरुजींनी कागद फाडला नाही, पण खिशातून तो पुन्हा बाहेरही काढला नाही. स्मारकापुढे खुर्च्या मांडल्या होत्या, तेरखेड्याचे आपटबार फटाके वाजले, कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. बानूबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. पोरांनी हात जोडून सुरुवात केली, 'उजव्या हाती बंदूक त्याच्या', आणि बानूबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले.

आता त्याला ओळखणारा आपण एकटाच उरलो, असं गुरुजींच्या मनात आलं. निदान आपण तरी विसरायचं नाही. पोरांचे आवाज कानांवर आदळत होते. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि चौथीचा वर्ग आठवला: खिडकीकडचा बाक, गोरोबा, त्याच्या शेजारी बजरंग. हातात पट्टी घेऊन ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"हात पुढे कर," ते मनातल्या मनात म्हणाले.

बजरंग उठला. नेहमीसारखं अवाक्षर न काढता त्याने उजवा हात पुढे केला. तळहातावर एकही वळ नव्हता.