सान एमिग्दियोचं डोकं

एकोणीसशे एकोणनव्वद साल. ऑक्टोबरची सतरा तारीख, मंगळवार, संध्याकाळचे पाच नुकतेच वाजून गेलेले. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात एर्लिंदा ब्रोकोलीचे तुरे कापत उभी होती, आणि बैलाने अंग झटकावं तशी जमीन झटकली गेली. पंधरा सेकंद, असं लोक म्हणतात. एर्लिंदाला विचाराल तर सगळी संध्याकाळ.

बायका रबरी बुटांनिशी, डोक्यावरच्या जाळ्या तशाच ठेवून आवारात धावल्या. मुकादम कागद घेऊन उभा राहिला. हजेरी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, म्हणाला.

"माझी चार वर्षांची पोर घरी आहे."

"सगळ्यांचीच पोरं घरी आहेत, बाई. सासू आहे ना तिच्याजवळ?"

"तीच तर भीती आहे!"

बायका हसल्या. पण एर्लिंदा थट्टा करत नव्हती. तिची सासू तेओफिला मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातली. जमीन हलली की तिकडची माणसं भूकंपाच्या संतापुढे, सान एमिग्दियोपुढे, मेणबत्ती लावत. आधी मेणबत्ती, मग बाकीचं. उन्हाळ्यात जमीन जराशी डुलली तेव्हाही म्हातारीने लावली होती. शेजारच्या सेवेरोकाकांनी तेव्हाच बजावलं होतं, "पोरी, तिकडे लाकडाची चूल होती, इथे गॅस आहे. नळी निसटली असेल आणि हिने काडी ओढली, तर संतासकट सगळे वर जाल."

एर्लिंदाने सासूला ते समजावलं. सासूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या गॅसला कळतं का, मी काडी कुणासाठी ओढतेय ते?"

एर्लिंदाचं आडनाव सावाला, लिहिताना झेडने सुरू होणारं. यादीत सगळ्यात शेवटी. मुकादम एकेक नाव दोनदा पुकारत होता. दूर कुठेतरी धुराचा खांब उठला. तो नदीच्या बाजूला की आपल्या गल्लीकडे, तिला ठरवता येईना. फोन मुके झालेले. नवरा नासारियो सालिनासला शेतावर. यादी मेंदोसापर्यंत पोचली तेव्हा ती फाटकातून बाहेर पळाली.

बारा गल्ल्या. धुराड्यांच्या विटा वाटभर पडलेल्या, दुकानांच्या काचा बुटांखाली चुरत होत्या. एका अंगणात लोक छातीवर क्रूस काढत उभे होते. "कुणी काही पेटवू नका!" असं ती त्यांच्यावर ओरडली आणि थांबली नाही. धावताना तिने मनात सासूचे हात पाहिले: फळीवरून पेटी काढणारे, काडी बाहेर काढणारे. एवढ्या वेळात दहा मेणबत्त्या लावून झाल्या असत्या.

घर उभं होतं, पण पायावरून सरकलेलं. पायऱ्या हातभर लांब राहिलेल्या. ती उंबऱ्याला धरून वर चढली. स्वयंपाकघरात सिरक्यातल्या मिरच्यांची बरणी फुटली होती आणि त्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. गॅसची चूल भिंतीपासून दोन हात पुढे आलेली. सिरक्याच्या वासामागे तो दुसरा वास होता. टेबलावर मेणबत्ती तयार उभी होती, आणि सासू चुलीपाशी गुडघ्यांवर ओणवी झाली होती, मुठीत काड्यापेटी.

"आलीस? बरं झालं. तुझे डोळे चांगले आहेत. बघ, डोकं दिसतंय का."

"कुणाचं डोकं?"

"सान एमिग्दियोचं! फळीवरून पडला की. मुंडकं नसलेल्या संतापुढे मेणबत्ती लावू? काय म्हणेल तो? खाली सगळा अंधार, म्हणून म्हटलं एक काडी ओढून..."

एर्लिंदाने पेटी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली.

"सासूच्या हातातलं हिसकावतेस?"

"हिसकावते. बाहेर चला. रोसाल्बा कुठे?"

"टेबलाखाली बसलीय. हाक मारली तर येत नाही."

पोरगी मांडीवर मूठ घट्ट धरून बसली होती. आईला पाहून तिने ती हळूच उघडली. आत बोराएवढं प्लॅस्टरचं डोकं.

"याला बाऊ झालाय. मी झोपवलंय."

"अगं भवाने!" म्हातारी किंचाळली. "इतका वेळ मी फरशीवर लोळतेय, आणि तू गप्प?"

"मला कुठे विचारलंस?"

एर्लिंदाने एकीला कडेवर घेतलं, दुसरीला दंडाला धरून ओढलं. बाहेर सेवेरोकाका मीटरपाशी वाकून पान्याने गॅस बंद करत होते. "हे अकरावं घर," ते धापा टाकत म्हणाले. मग तिघींना पाहून पाना तसाच हातात धरून खाली बसले. तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. या वेळी मेणबत्तीचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या माणसाने दारावर घर धोकादायक ठरवणारा लाल कागद चिकटवला, आणि पुढे ते घर पाडलं. मुकादमाने यादीत एर्लिंदाला बेपत्ता लिहिलं होतं. ते वाचून नासारियो रात्रभर तिला शोधत फिरला. त्याबद्दल तो तिला शेवटपर्यंत बोल लावत राहिला. मिचोआकानच्या बाकीच्या म्हाताऱ्यांसारखी तेओफिलाही कितीतरी दिवस गावच्या बागेत ताडपत्रीखाली राहिली. पाऊस आला तरी छपराखाली जाईना. ती सत्त्याण्णव साली झोपेतच गेली. सेवेरोकाका गावी परतले, पाना एर्लिंदाला देऊन. रोसाल्बा आता फ्रेस्नोला असते. तिला यातलं काही आठवत नाही, आणि गोष्ट निघाली की ती चिडते.

डोकं चिकटवलं, पण जरा तिरकं बसलं. संत अजून बाजूला बघतो. एर्लिंदाचा त्याच्यावर फारसा विश्वास कधी नव्हता. तरी जमीन हलली की ती पाना घेऊन मीटरपाशी जाते, घरभर वास घेते, खिडक्या उघडते. मग सासूच्या जागी उभी राहून काडी ओढते.