वहिनींच्या आवाजासाठी पेटी

जी वस्तू मनुष्याला प्राणाइतकी प्रिय असते, तिची राखण तो बहुधा त्या वस्तूच्या स्वभावाप्रमाणे करीत नाही. स्वतःच्या स्वभावाप्रमाणे करतो. त्यात दोष आहे असे म्हणवत नाही, कारण त्यामागे केवळ प्रेम असते. दोष नाही असेही म्हणवत नाही, कारण हानी तर होतेच. माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी असा प्रसंग आला, तेव्हा रागवावे कोणावर हे आम्हांला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

दादांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. प्रथम अक्षरे धूसर झाली, मग माणसे, मग खिडकीतला उजेडही. वाचनावाचून ह्या गृहस्थाचे कसे व्हायचे, या चिंतेत आम्ही सारे असताना वहिनींनी एके दुपारी ओले हात पुसले, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सांगा, कुठलं पुस्तक?" वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. असंख्य अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देणारा तो स्वच्छ, किंचित खोडकर आवाज तेव्हापासून एकाच श्रोत्याच्या सेवेत रुजू झाला. पुढे घरात एक मायक्रोफोन आला आणि वाचलेले सारे साठवले जाऊ लागले. वहिनी बाहेर गेल्या तरी दादांची दुपार सुनी जाऊ नये, एवढाच हेतू.

ते नुसते वाचन नव्हते. वाचता वाचता "थांबा हं, दूध उतू जातंय" असे म्हणून वहिनी उठत आणि मायक्रोफोन तसाच चालू राही. मग दूर कुठेतरी झाकण पडल्याचा आवाज, त्यांचे स्वतःशीच पुटपुटणे, परतणारी पावले. एखादा ग्रंथकार फारच पाल्हाळ लावू लागला, की "ह्यांना घरी काही काम नव्हतं वाटतं" असा शेरा मारूनच त्या पान उलटीत. हे भाग काढून टाकावेत असे मी एकदा सुचवले, तेव्हा दादा चमकून म्हणाले, "खबरदार! मूळ ग्रंथ कुठेही मिळेल. हे भाष्य कुठे मिळणार?"

मग वहिनींना घशाचे दुखणे झाले. शस्त्रक्रियेत जीव बचावला. आवाज गेला तो कायमचा. एकाला दिसत नाही, दुसरीला बोलता येत नाही, असा तो संसार झाला. खाणाखुणा दादांना दिसत ना, म्हणून दोघांनी तळहाताची भाषा केली. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि चिमटा म्हणजे उरलेले सारे. दुपारी दादा संगणकाला जोडलेली हार्ड डिस्क चालू करीत. वहिनींचा जुना आवाज घरभर फिरे, आणि वहिनी शेजारी बसून भाजी निवडता निवडता स्वतःचेच शेरे ऐकून हसत. त्या हसण्याला ध्वनी नसे. दादांना ते खुर्चीच्या हलण्यावरून कळे.

आता चूक सांगतो. दादांच्या घरात पुस्तक उघडे ठेवायचे नाही, असा नियम. प्रत्येक ग्रंथाला सुती कापड, वर नीट गाठ. ती डिस्क ज्या पेटीत बसवली होती, तिलाही दादांनी त्याच न्यायाने दुपदरी कापडात गुंडाळले. वायरी तेवढ्या बाहेर. डिस्क चालू असतानाही गाठ सुटत नसे. "अहो, ते यंत्र आहे," असे मी म्हणालो, तर उत्तर मिळाले, "अरे, तो ग्रंथ आहे."

एका तप्त दुपारी, वहिनी बाहेर गेल्या असताना, आवाज वाक्याच्या मध्यावर थांबला. दादा शांतपणे बसून राहिले. त्यांना वाटले, ती दूध बघायला उठली असेल. बराच वेळ पावले परतली नाहीत, आणि मग जळका वास आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. वाटेत दादा एकच वाक्य बोलले. "दुसरीकडे कुठे साठवलेलं नाही ना रे?" नव्हते. हे गेले, तर वहिनींचा आवाज ह्या जगातून गेला.

दुकानाची मालकीण पन्नाशीची, चष्मा कपाळावर, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि जिभेवर धबधबा. तिने पेटी उघडली, नाक जवळ नेले आणि म्हणाली, "ह्याला शेक दिला होता की काय?"

"कापडात ठेवत होतो," दादा हळूच म्हणाले.

"कसल्या कापडात?"

"सुती. दुपदरी. वर गाठ."

"अहो काका, बाळंतीण आहे का ती, उबेत ठेवायला? तिला वारा लागतो वारा!"

वहिनींचे खांदे हलू लागले. दादांनी हात पुढे करून चाचपले आणि म्हणाले, "ही हसतेय. हसू दे. किती वेळा तिनं गाठ सोडली आणि मी पुन्हा मारली, ते तिलाच माहीत."

मालकिणीने डिस्क बाहेर काढली, तिला दुसरीकडून वीज दिली आणि कान जवळ नेऊन ऐकले. डिस्क फिरत होती. जळले होते ते पेटीतले सर्किट. "नवी पेटी घालू. आतलं वाचलं जातंय का ते मग कळेल," असे म्हणून तिने काउंटरवर पेट्या मांडल्या. एक पारदर्शक, निळ्या दिव्याची. मला ती फार आवडली.

"दिवा कुणासाठी?" दादांनी विचारले. "मी तर आंधळा. आणि हिला दिव्याचं कौतुक असतं, तर माझ्याशी लग्न केलं असतं का?"

चिमटा बसला.

दुसऱ्या पेटीत पंखा होता. मालकिणीने तो चालू करताच दादांनी मान हलवली. "हिच्या आवाजात हा सारखा घरघरणार. एक्स्चेंजमध्ये असली खरखर आली, तर ही लाइन तोडून पुन्हा जोडत असे." तिसरी हलक्या प्लास्टिकची. तिला मालकिणीनेच बाजूला सारले. "मोठी डिस्क आहे, तिला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, ह्या पेटीत त्याची सोय नाही. आणि प्लास्टिक उष्णता कोंडून धरतं. तुमच्याकडे नकोच." चौथी ॲल्युमिनियमची, देखणी, बाजूंना जाळी असलेली. वहिनींनी दादांचा तळहात उचलून त्या थंड धातूवर ठेवला आणि एक टिचकी मारली. ठरले.

डिस्क आत बसवली, वायर जोडली. पडद्यावर एक चौकट उघडली. मी ती वाचून दाखवली, "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?"

"विचारतोय तर हो म्हण," दादा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना हेच शिकवले होते, की विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे.

वहिनींनी काउंटरवर असा काही हात आपटला, की स्क्रू उडाले. मालकीणही त्याच क्षणी ओरडली, "हात लावू नका! सगळं पुसलं जाईल!"

"म्हणजे ती रिकामी नाही ना?" दादांचा आवाज बदलला होता. "खरं सांगा."

मालकिणीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "काका, काही पेट्या डिस्कवरचे कप्पे आपापल्या मापानं मोजतात. जुन्या पेटीनं एका मापानं लिहिलं, ही दुसऱ्या मापानं वाचतेय. म्हणून हिला वाटतंय, इथं काहीच नाही. असं असावं. अजून खात्री देत नाही."

दादा स्वतःला समजावल्यासारखे म्हणाले, "जुन्या हस्तलिखितात शब्द सलग लिहिलेले असतात. कुठे तोडायचं हे ठाऊक नसेल, तर नुसत्या मुंग्यांची रांग दिसते."

"आता मुंग्या म्हणा की काही म्हणा, मला जुन्या जातीचीच पेटी शोधली पाहिजे," असे म्हणत ती मागच्या खोलीत शिरली. खोकी सरकल्याचे, काहीतरी पडल्याचे, तिने कोणाला तरी शिव्या घातल्याचे आवाज आले. इकडे दादांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला होता. टिचकी नव्हती, चिमटाही नव्हता.

तिने आणलेली पेटी करड्या रंगाची, विटेसारखी जड आणि पाहता क्षणी नकोशी वाटावी अशी होती. "हिला कोणी विचारत नाही. पण पत्रा जाड आहे, जाळी मोठी आहे, पंख्यावाचून थंड राहते. आणि आतली चिप तुमच्या जळक्या पेटीचीच बहीण आहे."

डिस्क बसली. ह्या वेळी कोणीच काही वाचून दाखवले नाही. पडद्यावर नावे उमटली, ग्रंथामागून ग्रंथ. मी त्यांतले एक उघडले, आणि दुकानातल्या त्या वायरींच्या जंजाळात वहिनींचा आवाज स्पष्ट उमटला:

"...अहो, झोपलात वाटतं? मी काय भिंतीला वाचून दाखवतेय?"

"नाही गं," दादा तत्काळ म्हणाले. "जागा आहे."

मालकीण पाठ फिरवून उगाचच स्क्रू गोळा करू लागली. वहिनी दादांच्या खांद्याला टेकून उभ्या होत्या, आणि ज्या स्त्रीला बोलता येत नव्हते तिचाच आवाज त्या छोट्या जागेत पुढचे पान वाचीत होता.

बऱ्याच वेळाने मालकीण म्हणाली, "आजच दुसऱ्या डिस्कवर प्रत करून देते. पेटी कितीही भरवशाची असली, तरी एकीवर विसंबायचं नाही. प्रत त्या देखण्या पेटीत ठेवू?"

"प्रत तिच्यात ठेवा," दादा म्हणाले. "मूळ ह्या कुरूप पेटीबाईजवळच राहू दे. तिला आमच्या घरची भाषा येते."

"आणि कापड?"

दादांनी वहिनींच्या दिशेने मान वळवली. "ते आता हिनं सांगायचं." वहिनींनी त्यांच्या तळहातावर दोन टिचक्या मारल्या, अगदी सावकाश, मला दिसतील अशा.

परत येताना दोन्ही पेट्या माझ्या हातात होत्या. पुढे दादा आणि वहिनी एकमेकांच्या हाताला धरून चालले होते. वाट त्या दाखवीत होत्या, आणि बोलत होते ते दादा. त्या दोघांची चाल अशीच एका लयीत राहो. खोकी उपसून आमच्यासाठी धावलेल्या त्या बाईच्या दुकानात माणसांची वर्दळ असो आणि तिच्या घरी शांतता असो. ज्यांना कोणाचा आवाज जपायचा आहे, त्या सर्वांना तो वेळेवर आणि पुन्हा पुन्हा ऐकू येवो.