डॉजचे शॉकअप आणि अत्तींचं ताक

ते एकोणीसशे शहात्तर साल. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, पाळणेवाले सामान बांधून पुढच्या गावाला निघाले होते आणि मला सातवा महिना लागला होता. माझं सासर सोलापुरात, बाळीवेशीत. माहेर दुधनीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं लहानसं गाव. दुधनीपर्यंत रेल्वे होती, बरा रस्ताही होता. तिथून पुढे मात्र रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात काळी चिकण, आणि मध्ये आडवा ओढा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण मला रीतीपेक्षा अव्वाची ओढ होती. अव्वा, म्हणजे माझी आई चंद्रव्वा, त्याच्या आधीच्या दिवाळीत न्हाणीत घसरून पडली होती. काठी धरून घरातल्या घरात चालायची तेवढंच. तिला सोलापूरला येणं शक्य नव्हतं. म्हणजे मी गेले नाही तर माझ्या बाळंतपणात आई माझ्याजवळ नसणार, हे ठरलेलं होतं.

आणि अत्ती मला सोडायला तयार नव्हत्या. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, नीलम्मा. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. त्यांच्या पहिल्या खेपेला माहेरी जाताना बैलगाडीत फार धक्के बसले होते आणि ते मूल राहिलं नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शेजारच्या काशम्माने सांगितलं. त्यामुळे मला त्यांचा राग येत नव्हता, नुसतं रडू यायचं.

माझे वडील, सिद्रामप्पा, मला न्यायचं विचारायला आले तेव्हा अत्ती तूर पाखडत बसल्या होत्या. सुपावरची नजर त्यांनी काढली नाही.

"विहीणबाई, गाडी हाय की आपली," अप्पा म्हणाले.

"तुमची गाडी म्या बघितली हाय. लग्नात तिच्यातनंच वऱ्हाड आणलंत. माझी भावजय तवापासनं कंबर धरून बसती."

गाडी म्हणजे अप्पांची डॉज. मिलिटरीच्या लिलावातून पुण्याहून आणलेली, पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे उघडा हौदा. तिची चारही चाकं ओढायची, त्यामुळे ओढा, चिखल, नांगरलेलं रान, कशातूनही जायची. अप्पांनी तिला निळा रंग दिला होता, पण कोपऱ्याकोपऱ्यांतून मिलिटरीचा हिरवा डोकवायचाच. जायची सगळीकडे, पण आतल्या माणसाची हाडं मोजून घ्यायची.

"मग नवे शॉकअप बसवतो तिला," अप्पा म्हणाले.

"ते आन् काय?"

"खड्डा आला की चाकावरचा पाटा उडतोय. एकदा उडाला की उडतच ऱ्हातोय, बारक्या पोरावानी. शॉकअप म्हंजे त्याचा कान धरून खाली बसवणारा मास्तर."

"मग इतकी वर्सं मास्तर कुटं गेला हुता?"

"हाय की. पर म्हातारा झालाय. तेल गळून गेलंय त्याचं."

काशम्मा दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. अत्ती हसल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बसवा. मग म्या सोता बसणार मागं, मांडीवर ताकाचा तांब्या घिऊन. वाईट रस्त्यावरनं न्या. माझ्या इरकलीवर ताक सांडलं तर दाक्षा हितंच बाळंत व्हईल. मग परत इचारायचं न्हाय."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठरलं."

माझे यजमान शिवयोगी हे सगळं ऐकत होते. त्यांनी चपला घातल्या आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेले. कापडाच्या दुकानात ते गिऱ्हाइकाला तासभर समजावायचे, पण आईपुढे त्यांना कधी शब्द सापडला नाही.

अक्कलकोट रस्त्याला महबूबभाईंचं गॅरेज होतं, पुढे गॅरेज, मागे घर. अप्पांची आणि त्यांची जुनी दोस्ती. अप्पांनी शर्त सांगितली तेव्हा महबूबभाई बराच वेळ गाडीखाली निजून होते. बाहेर आले ते ठरवूनच.

"अण्णा, वैसेच बसवने में मजा नै. मोठे बसवू. लॉरीचे."

मोडीत निघालेल्या एका लॉरीचे शॉकअप त्यांनी आणले, आत नवं तेल भरलं, डॉजच्या अंगाला जुळतील असे लोखंडी कान वेल्डिंग करून जोडले. मागच्या चाकांना तर एकेकाच्या जागी दोन-दोन लावले. अप्पा शेजारी पालथ्या डब्यावर बसून प्रत्येक नटाची चौकशी करत होते. रशीदाभाभी, महबूबभाईंची बायको, चहा देऊन देऊन कंटाळल्या.

"लडकी को लेके जाना है के तोप को?" त्यांनी विचारलं.

ते तुरीचे दिवस होते. अप्पा गावाकडून तुरीची पोती घेऊन सोलापूरच्या बाजारात यायचे आणि जाताना जनावरांची पेंड भरून न्यायचे. नवे शॉकअप लावून त्यांनी अशा फेऱ्या केल्या आणि घरी येऊन सांगू लागले, "दाक्षा, पाण्यावरनं चालल्यासारकी चालती गं. ओढ्यात उतरली तरी अंगात कळत न्हाय." माझ्या जिवात जीव आला. मी पेटीत लुगडी भरायला घेतली.

परीक्षेचा दिवस सोमवार. अप्पांनी भल्या सकाळी बाजारात पोती उतरवली आणि गाडी धुतली. हौदा झाडून त्यात सतरंजी अंथरली, बॉनेटला विभूतीचे पट्टे ओढले, वर झेंडूची माळ. आमच्या गावात लेक आणायची गाडी अशीच रिकामी आणि धुतलेली असायची. पोत्याशेजारी बसवून लेक आणली तर बापाने तिला मालात धरलं म्हणून लोक वर्षभर बोलायचे. त्यामुळे हौद्यात नुसतं सुतळीचं एक भेंडोळं राहिलं होतं, तेही अप्पांनी काढून टाकलं.

मला रशीदाभाभींनी गॅरेजच्या दारात बाजेवर बसवलं. अत्ती मागे चढल्या, सोबतीला काशम्मा. तांब्या काठोकाठ भरलेला होता. इरकल त्यांची लग्नातली, गडद जांभळी, लाल पदराची. इतकी चांगली नेसून का आलात, असं काशम्माने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ताक दिसाया नगं का नीट?"

पुढे अप्पा आणि महबूबभाई. गॅरेजच्या मागून खडीच्या खाणीकडे गाडीवाट जात होती, सगळी दगडगोट्यांची. गाडी तिकडे वळली.

मी त्या गाडीत नव्हते, पण ती फेरी मला पुढे इतक्या वेळा सांगितली गेली, की मीच बसून आल्यासारखं वाटतं. मला बाजेवरून दिसलं ते एवढंच, की गाडीचा मागचा भाग बकरीच्या करडासारखा उड्या मारतोय आणि दोन बायका कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. पहिल्या दगडाला ताक अत्तींच्या मांडीवर आलं. दुसऱ्याला पदरावर, तिसऱ्याला काशम्माच्या डोळ्यांत. काशम्मा ओरडून म्हणाली, "नीलव्वा, तांब्या धर", आणि अत्ती म्हणाल्या, "तांब्या धरू का तुला धरू?"

खाणीजवळ गाडी थांबली. अत्ती खाली उतरल्या आणि म्हणाल्या, मी चालत येते. अप्पा हात जोडून मागे. महबूबभाई गाडीखाली शिरून बघतात तर सगळं जिथल्या तिथे, एक नट ढिला नाही. तेवढ्यात रानातून बायका येत होत्या, डोक्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचे भारे घेऊन. गाडी बघून त्यांनी विचारलं, "अण्णा, नाक्यापातूर सोडता का?" त्या वेळी अप्पांच्या तोंडून नाही निघणार कसं? त्या दहा-बारा जणी भाऱ्यांसकट हौद्यात चढल्या आणि त्यांनीच अत्तींना हात देऊन वर ओढून घेतलं. "चला की आत्या, उनाचं कुटं चालता?"

गाडी परत आली ती गाणी म्हणत. पण अत्ती उतरल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"दाक्षा, ऊठ. घरी चल."

त्यांच्या लुगड्याकडे बघून मला विचारायचं काही उरलं नव्हतं. अप्पा पटका काढून हातात घेऊन उभे होते. मला एकदम अव्वाचा चेहरा दिसला, दाराशी काठी टेकून वाट बघणारा. मी उठले.

काशम्मा तांब्या विसळायला म्हणून रांजणाकडे गेली आणि थांबली.

"नीलव्वा, ह्यात ताक हाय की अजून. अर्ध्याला आलंय."

"असंल. सगळंच सांडाया तांब्या काय फुटका हाय?"

"तसं न्हवं. येताना कुटं सांडलं?"

अत्तींनी आपल्या मांडीकडे बघितलं. डाग वाळून पांढरे पडले होते. एकही ओला नव्हता. त्यांनी पदर चाचपला, तोही कोरडा. रशीदाभाभींनी गाडीकडे बघितलं. त्या बायका अजून हौद्यातच बसून डहाळे सोलत होत्या, गॅरेजमध्ये काय चाललंय याची मजा बघत.

"जाते वखत दो बायां," रशीदाभाभी म्हणाल्या, "और आते वखत पूरा बाजार."

महबूबभाईंनी कपाळावर हात मारला, त्याचा काळा ठसा दिवसभर राहिला. "लॉरीचे शॉकअप, अण्णा. कडक. त्यांना वजन होना. वजन नै तो वो गाडी को मारते."

"म्या हप्ताभर पोत्यांनी भरून चालवली," अप्पा म्हणाले, "आन् लेकीसाटी म्हणून झाडून रिकामी केली."

"मैं पैलेच नै बोली क्या? तोप को लेके जाना है बोली ना," रशीदाभाभींनी ऐकवलंच.

अत्तींनी रशीदाभाभींकडून तांब्या पुन्हा काठोकाठ भरून घेतला आणि गाडीकडे चालू लागल्या. बायकांना म्हणाल्या, "उतरायचं न्हाय कुणी. अजून एक फेरी हाय."

"आत्या, आमचा सैपाक राहिलाय की."

"घरापातूर सोडतील तुमाला. बसा."

तीच वाट, तेच दगड. गाडी हत्तीसारखी डुलत गेली आणि डुलत आली. अत्ती उतरल्या, तांब्या माझ्या हातात दिला आणि लुगडं पुढे धरून सगळ्यांना दाखवलं. जुने डाग सोडून काही नव्हतं. म्हणजे, निरीजवळ एक ओला थेंब होता. मला दिसला, काशम्मालाही दिसला. अत्तींनी त्यावर पदर ओढून घेतला.

"बरी हाय गाडी," त्या म्हणाल्या. "गुरवारी न्या."

मग प्रश्न आला वजनाचा. पेंडीची पोती खाली रचायची आणि वर गादी घालायची, असं अप्पांनी सुचवलं. पण तेवढ्याने भागेल का, अशी अत्तींना शंका. त्यांनी काशम्माला बोलावलं, गल्लीतल्या आणखी चार बायकांना बोलावलं. गुरुवारी सकाळी मी चढले, त्या सगळ्या चढल्या आणि शेवटी अत्ती स्वतः चढल्या. लग्नानंतर त्यांनी माझ्या माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलावणं आल्याशिवाय व्याह्यांकडे जायचं नाही, हा त्यांचा ताठा आख्ख्या बाळीवेशीला माहीत होता.

"अव्वा, तू पण?" शिवयोगी अत्तींना म्हणाले.

"म्या पाव्हणी म्हणून चालले न्हाय. वजन म्हणून चालले."

दुधनीच्या पुढे तो रस्ता लागला तेव्हा अत्तींनी माझा हात धरला. ओढ्यात उतरताना डोळे मिटले. ओढा ओलांडल्यावरही हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.

अव्वा दारात काठी टेकून उभी होती. इतक्या बायका उतरताना बघून ती गोंधळली. अत्तींनी तिलाही तेच सांगितलं, मी वजन म्हणून आले. अव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, वजन उतरवून घ्या की आत. हुग्गी निवाया लागली." खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर होती, वर तूप. सगळ्या बायका मांडी घालून जेवल्या आणि दुपारी दुधनीहून रेल्वेने परतल्या. अत्ती तेवढ्या राहिल्या. म्हणाल्या, उद्या जाते. पुढे अप्पांची गाडी रिकामी जाणार असली की त्या म्हणायच्या, रिकाम्या गाडीत मी बसत नाही. आणि भरलेली असली की म्हणायच्या, मालाबरोबर का जाऊ. चैत्रात माझी पार्वती झाली तेव्हा एका अंगाला अव्वा होती, दुसऱ्या अंगाला अत्ती, आणि शेकायला कोळसे किती घालायचे यावरून दोघींचं भांडण चाललं होतं.

अप्पांनी डॉज आणखी बरीच वर्षं चालवली. गल्लीतल्या, गावातल्या कितीतरी लेकी तिच्यातून माहेरी आल्या, पोत्यांवर गादी घालून, आणि कोणी बोललं नाही. अप्पा गेल्यावर भावाने ती विकली. अव्वाची काठी कधी सुटली नाही, पण काठीनेच तिने पार्वतीला चालायला शिकवलं. महबूबभाईंच्या गॅरेजमध्ये आता त्यांचा नातू मोटारसायकली दुरुस्त करतो. रशीदाभाभी नव्वदीला आल्यात, मला बघितलं की तोपेचं विचारतात. काशम्मा मुलाकडे वैरागला गेली आणि तिथेच वारली. शिवयोगींनी स्वतःचं दुकान काढलं, ते आता पार्वतीचा मुलगा बघतो. पार्वती पुण्यात असते, तिच्या गाडीत बसल्याचं कळतसुद्धा नाही.

अत्ती शहाऐंशी वर्षं जगल्या. रिक्षा असो, एसटी असो, नाहीतर नातवाची नवी मोटार, बसायच्या आधी त्या मागे वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "मागं वजन हाय न्हवं?"