टाचेखालचं बटण

बटण काळं, चार भोकांचं, तिच्याच शिवणाच्या डब्यातलं... अभियंत्याने ते नकली पायाच्या टाचेखाली सरकवलं. डोळे मिटायला सांगितले होते, तरी तिने पापण्यांच्या फटीतून पाहिलंच — आणि मांडीत बसवलेल्या तारांतून झिणझिणी सुटली, ती उमटली कुठे, तर अंगठ्यात! गेल्या वर्षी कापून टाकलेल्या पायाच्या अंगठ्यात.

"कुठे लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टाच म्हटलं की झालं. उत्तरं जुळली तर तारा राहतील, नाहीतर काढाव्या लागतील, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. शेजारून ताईने कोपर मारलं. "टाच म्हण गं बाई!"

सोपं आहे. पाय गेल्यापासून सगळे सोपंच सुचवताहेत — शिलाई मशीनला मोटर लाव, शिवण सोड, आराम कर. मी काय कपाटातली बाहुली आहे? मोटर आंधळी पळते. खऱ्या पायाला कापड जाड आलं की कळतं. या नकली पायाला मात्र पॅडल कधी दबलं तेच कळत नाही, मग चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो, आणि घरातले टपलेलेच — बघ, सांगत होतो ना! तुटू दे. पुन्हा ओवीन.

"अंगठा," ती म्हणाली.

अभियंता घुटमळला. "मावशी, पुन्हा करू या का?"

"शंभरदा करा. बटण टाचेखाली आहे, दिसतंय मला. पण लागतंय अंगठ्याला."

"घालवलंस सगळं!" ताईने कपाळावर हात मारला.

तिला रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदमच. काढतील तारा? काढू देत. खोटं बोलून पाय मिळवीन, पण मशीनवर बसल्यावर दोऱ्याला कशी फसवू? टाच टेकली की अंगठा बोलणार... बोलू दे, मी तसं शिकेन. उलट्या पायाची शिंपीण! तिला हसूच फुटलं. इतके दिवस ती जुना पाय मागत होती. हा जुना नव्हता, धड सरळही नव्हता — पण बटण तिला लागलं होतं, आणि कुठे लागलं ते तिच्याशिवाय कोणी सांगू शकणार नव्हतं.

"सरकवा ते दुसरीकडे," ती म्हणाली, आणि या वेळी डोळे खरोखरच मिटले.