सुमनची हनुवटी

"उघड. आता मीट."

नवनाथने लेकीच्या, अंजलीच्या कानापुढे बोट ठेवलं होतं. तेरा वर्षांच्या पोरीने तोंड उघडलं, मिटलं. बोटाखाली सांधा सरकला आणि टक् वाजलं.

"दुखतं?"

"घास चावताना."

चुलीशी बसलेल्या नवसाबाईला एवढंच पाहिजे होतं. "म्या म्हनलं व्हतं, नवनाथ! वाढत्या पोरीच्या तोंडात ठोकळे घालून जबडा पुढं वढायचा, ती काय बैल हाय येसन घालायला? उद्या सांधा निखळला तर कोण करील तिला? काढून फेक ते."

नवनाथ बहिणीला उलटून बोलत नसे. बायको, सुमन गेल्यापासून याच अक्काने घर धरून ठेवलं होतं. पण ठोकळे सुमनने बसवून घेतले होते. अंजलीचा खालचा जबडा आईसारखाच मागे होता, वरचे दात पुढे. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडताना बायका हसल्या की सुमनचा पदर आधी तोंडावर जायचा. अंगात ताप असतानाही तिनेच पोरीला द्वारका चौकातल्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि त्या दोन प्लेटा बसवून आणल्या. वरच्या आणि खालच्या प्लेटेला तिरपे ठोकळे होते. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढेच येऊन बसायचा.

"माझं हसनं पदराखाली गेलं," ती म्हणाली होती. "हिचं नको जायला."

"उद्या द्वारकेला जातो," नवनाथ म्हणाला. "बाई म्हनल्या तर काढू."

"म्या बी येते. बघतेच तिला."

डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंचे सांधे चाचपले, तोंड किती उघडतं ते पट्टीने पाहिलं. मग खालची प्लेट अंजलीच्या दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर ठेवून दाबली. प्लेट डुगडुगली.

"ही गरम पाण्यात टाकली होती का?"

अंजलीने आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"गरम नाय, उकळत्या," नवसाबाई ठसक्यात म्हणाली. "सुतक फिटलं तवा घरातलं भांडंन् भांडं उकळून काढलं. ह्ये तर तोंडातलं उष्टं. त्याला काय ववाळायचं व्हतं?"

बाईंनी हसू आवरलं. "मावशी, हे प्लास्टिक उकळलं की वाकडं होतं. तेव्हापासून पोर वाकड्या प्लेटेवर चावतेय. दुखणारच."

नवसाबाईचा ठसका उतरला. "मंग तू बोलली का नाय गं?"

"तू येवढं करत व्हतीस, आत्या..."

नवनाथ खुर्चीत पुढे सरकला. "बाई, सरळ सांगा. यानं सांधा खराब होतो का?"

"या वयात हाड वाढतं आहे, सांधा नव्या जागेशी जुळवून घेतो. सुरुवातीला थोडं दुखतं. नीट बसलेल्या प्लेटेने सांधा कायमचा बिघडतो, असं सहसा दिसत नाही. टक् वाजतं, त्यावर मी लक्ष ठेवणार. दुखणं वाढलं, तोंड अडकलं तर थांबायचं. याच्यापुढची खात्री कुणी दिली तर खरी मानू नका."

हे बोलणं नवनाथला पटलं.

बाईंनी अंजलीला जबडा पुढे घ्यायला सांगितलं. "बघा, साधारण एवढा फरक पडेल."

नवनाथने पाहिलं. ओठ मिटले होते, हनुवटी पुढे आली होती. चेहरा चांगला दिसत होता. त्यात सुमन नव्हती. भिंतीवरच्या फोटोत तिने तोंडावर पदर धरलेला होता, म्हणजे तिची हनुवटी आता फक्त या पोरीच्या तोंडावर उरली होती. 'काढा' म्हटलं असतं, तर अक्काही काही बोलली नसती.

"बाबा?" अंजली म्हणाली.

"नवीन माप घ्या, बाई," तो म्हणाला.

पुढच्या दसऱ्याला अंगणात झेंडूची रास पडली होती. अंजलीचं दुखणं गेलं होतं. क्वचित कधी टक् वाजायचं, तेवढंच. प्लेटा धुवायचं काम नवसाबाईने कुणालाच दिलं नव्हतं.

"गार पानी हाय, गार!" ती बादलीशी ओरडली. "परत मला नावं ठेवशील!"

अंजली खळखळून हसली. दात ओठांत नीट बसलेले, हनुवटी सरळ. तरी तिचा हात वर गेला आणि ओढणीचं टोक तोंडावर आलं. बोटं सुमनसारखीच वाकलेली, मान तशीच जराशी डावीकडे.

'आता कशाला झाकतेस,' असं नवनाथच्या ओठांवर आलं होतं. झेंडूची पाटी भरलेली होती, तरी तो तिथेच बसून आणखी फुलं टाकत राहिला.