विल्फच्या पांघरुणाखाली

बेरिल, म्हणजे माझ्या सासूबाई, बाग बघायला निघाल्या की पर्समध्ये नखकात्री असतेच. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांच्या असते. मोठ्या घराण्यांच्या बागेतून एखादं कटिंग, लावायला छोटी फांदी, आणण्यात त्यांना चोरी वाटत नाही. पण आज आम्ही आलो होतो त्याच बागेत रोवन, माझा नवरा, माळी आहे. अजून कायम झालेला नाही, आणि पार्कातल्या ओकच्या झाडांकडेचं आमचं घर त्या नोकरीबरोबरच मिळालेलं.

"बेरिल, ठेवा ती कात्री आत. प्लीज."

"अगं, केवढंसं ते! झाडाला कळणारसुद्धा नाही."

भिंतीआडच्या बागेतलं ते जुन्या जातीचं कार्नेशनचं फूलझाड दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी बाबागाडीतल्या माझ्या मुलाचं, विल्फचं नाक पुसलं, टोपी सारखी केली, मागून कुणी येतंय का पाहिलं. मान वळवेपर्यंत दोन फांद्या ओल्या रुमालात गुंडाळून बाबागाडीत, त्याच्या पांघरुणाखाली गेल्यासुद्धा.

फाटकाशीच मुख्य माळीणबाई, मिसेस टकवेल, भेटल्या. "काय म्हणतायत आमचे साहेब?" म्हणत त्या विल्फकडे वाकल्या. साहेबांनी लाथ मारून पांघरूण उडवलं. रुमाल उघडा पडला.

"यानं तोडल्या," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी एक फांदी उचलून पाहिली. "पेराच्या बरोबर खाली, स्वच्छ काप. दीड वर्षाचं पोर! उद्यापासून पाठव याला कामाला."

हसावं की काय, कळेना. विल्फ मात्र खिदळला.

"मी कापल्या," बेरिल म्हणाल्या. "पोराच्या माथी काय मारतेस गं? त्याला बोलता येत नाही म्हणून?"

माझे कान तापले. ज्यांच्यावर सकाळपासून पाळत ठेवली, त्यांनी एका वाक्यात स्वतःचं कबूल केलं होतं.

मिसेस टकवेलनी रुमाल काढून घेतला. "रोवनला कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरायचंय. त्याआधी हे मला त्याच्याच तोंडून कळू दे. सगळं. तू बोललीस तेही."

रोवन हिरवळीच्या कडेचं गवत कापत होता. बेरिलनी तोंड उघडलं, पण मी त्यांना थांबवलं आणि आधी माझं सांगितलं. कात्रीचं नंतर.

"विल्फचं नाव घेतलंस?" त्यानं एवढंच विचारलं.

पॅंटला हात पुसून तो मिसेस टकवेलच्या ऑफिसकडे निघाला. मी येऊ का, विचारायचं होतं. बाबागाडीची दांडी धरून तशीच उभी राहिले.